हौशी रेडिओचे साप्ताहिक ‘नेट’ एकाच आवाजावर अवलंबून नसावे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पूर, भूकंप किंवा चक्रीवादळ येऊन गेले की वृत्तपत्रांतून हौशी रेडिओचालकांविषयी, म्हणजे ‘हॅम’ मंडळींविषयी, आपुलकीने लिहिले जाते. मोबाइलचे मनोरे बंद पडलेले असताना बॅटरीवर चालणाऱ्या संचापुढे बसून कोणीतरी रात्रभर निरोप पोहोचवत राहिले, हे वाचून आम्हालाही बरे वाटते. मात्र त्या रात्रीचे काम ज्या सवयीच्या बळावर होते, तिच्याविषयी सहसा काही छापून येत नाही. ती सवय म्हणजे क्लबचे नियमित ‘नेट’. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सभासदांनी रेडिओवर एकत्र जमायचे, एवढीच त्याची व्याख्या. अनेक वर्षे असे साप्ताहिक नेट चालवत आलेली एक परवानाधारक म्हणून मी हे पत्र लिहीत आहे. ते चालवताना माझ्या हातून झालेली एक मोठी चूक इतर क्लबांना वेळीच कळावी, हाही त्यामागचा हेतू आहे.

ज्यांनी नेट कधी ऐकलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगते. टेलिफोनवर दोघांना एकाच वेळी बोलता येते. आमच्या नेटवर मात्र एका वेळी एकानेच बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे असते. दोघातिघांच्या गप्पांत हे आपोआप जमते, पण वीस-पंचवीस जण गोळा झाले की कोणीतरी क्रम लावून द्यावा लागतो. हे काम करणाऱ्या स्टेशनला ‘नेट कंट्रोल’ म्हणतात. नेट कंट्रोल सर्वांत आधी फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का, ते विचारतो. कारण ती कोणाच्या मालकीची नसते आणि आपण दर आठवड्याला तेथे जमतो एवढ्यावरून तिच्यावर आपला हक्क प्रस्थापित होत नाही. मग तो आपले कॉल साइन (परवान्यासोबत मिळालेले अक्षर-आकड्यांचे ओळखचिन्ह), नेटचे नाव आणि उद्देश सांगतो आणि पहिला प्रश्न विचारतो, तो असा की कोणाकडे तातडीचा निरोप आहे का. उत्तर बहुतेक वेळा शांतता हेच असते. तरीही हा प्रश्न एकदाही गाळू नये, कारण ज्या दिवशी उत्तर येईल त्या दिवशी ते देणाऱ्याला आपण केव्हा बोलायचे हे आधीपासून ठाऊक असले पाहिजे. त्यानंतर प्रवासात असलेली, कमी शक्तीवर चालणारी किंवा लवकर निघायचे असलेली स्टेशने बोलावली जातात आणि मग बाकीची सगळी. प्रत्येक जण आपले कॉल साइन ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ अशा, १९५६ पासून आंतरराष्ट्रीय व्यवहारात रूढ असलेल्या शब्दांत उच्चारतो आणि नेट कंट्रोल ते लिहून घेऊन पोच देतो.

हे ऐकायला सोपे वाटते, पण प्रत्यक्षात ते सरावाचे काम आहे. रिपीटरवरील, म्हणजे उंचावर बसवलेल्या आणि संदेश घेऊन पुन्हा पाठवणाऱ्या केंद्रावरील, नेटमध्ये बहुधा एफएम पद्धत वापरली जाते आणि एफएमचा एक गुणधर्म असा, की दोन स्टेशने एकाच वेळी बोलली तर ग्राहक यंत्र जोरदार संदेश पकडते आणि क्षीण संदेश जवळजवळ पूर्णपणे दाबून टाकते. नेट कंट्रोलला एकच आवाज स्वच्छ ऐकू येतो आणि आणखी कोणी हाक मारली होती याची त्याला कल्पनाही येत नाही. उंचावर अँटेना असलेला सभासद दर आठवड्याला पहिल्या झटक्यात नोंदला जातो आणि हातातल्या लहान संचावर बोलणारा नवखा चारदा हाक मारून गप्प बसतो, ते याच कारणाने. म्हणून पाचसहा कॉल साइन घेतल्यावर थांबावे, ती वाचून दाखवावीत आणि ‘माझ्याकडून कोणी राहिले आहे का’ असे विचारून बाकीच्यांना मुद्दाम गप्प बसवावे लागते. एखाद्या कॉल साइनचे शेवटचे एकच अक्षर कानावर पडले असेल तर तेवढेच उच्चारून त्या स्टेशनला पुन्हा बोलवावे. ज्याला अर्धवट ऐकले गेले त्याला पुढे बोलावले जाते, हा विश्वास नवख्यांना आला की ते टिकून राहतात.

दोन बोलण्यांच्या मध्ये क्षणभर थांबण्याचा नियमही असाच. रिपीटर आपला संदेश एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसरीवर पुन्हा प्रक्षेपित करतो. २ मीटर पट्ट्यात, म्हणजे सुमारे २ मीटर तरंगलांबीच्या फ्रिक्वेन्सींमध्ये, हे अंतर बहुधा ६०० किलोहर्ट्झ असते. अनेक रिपीटर आपल्या संदेशासोबतचा, ग्राहकाच्या स्पीकरवर ऐकू न येणारा एक मंद सूर ओळखल्याशिवाय उघडत नाहीत आणि तो ओळखायला सेकंदाचा काही अंश जातो. बटण दाबताच बोलायला लागणाऱ्याचे पहिले अक्षर त्यात कापले जाते, आणि कॉल साइनच्या बाबतीत पहिले अक्षर गेले की अर्थच गेला. शिवाय सलग फार वेळ बोलले तर रिपीटर स्वतःहून प्रक्षेपण बंद करतो. बोलण्यांच्या मध्ये दोन सेकंदांची जागा सोडली की त्याचे घड्याळ पुन्हा शून्यावर येते आणि तातडीचे काही सांगायचे असलेल्याला शिरायला वाट मिळते.

आता माझ्या चुकीविषयी. आमच्या क्लबचे नेट मी बरीच वर्षे एकटी चालवत होते. एकही आठवडा चुकवला नाही याचा मला अभिमान होता आणि सभासदही त्याचे कौतुक करत. एका संध्याकाळी माझा घसा पूर्ण बसला. कोणीतरी सुरुवात करेलच, असे गृहीत धरून मी संच लावून ऐकत बसले. ठरलेली वेळ झाली. मधूनमधून कोणीतरी बटण दाबत होते आणि काही न बोलता सोडत होते. रिपीटरचा खटका तेवढा ऐकू येत होता. मंडळी जमलेली होती, त्यांत माझ्याहून जुने परवानाधारकही होते, हे मला त्या खटक्यांवरून कळत होते, पण सुरुवात करणे हे आपले काम आहे असे कोणालाच वाटत नव्हते. सुरुवातीचे निवेदन माझ्या तोंडी होते, सभासदांची यादी माझ्या वहीत होती आणि क्रम माझ्या डोक्यात होता. दहा मिनिटांनी नुकताच परवाना मिळालेल्या एका मुलीने आपले कॉल साइन सांगितले आणि कापऱ्या आवाजात विचारले, “मी नावे लिहून घेऊ का?” तिने नावे घेतली, दोनदा चुकली, दुरुस्त केली आणि नेट पार पडले. पण त्याआधीची ती दहा मिनिटे मी विसरू शकलेले नाही. ती संध्याकाळ संकटाची असती तर पंचवीस संच, पंचवीस अँटेना आणि पंचवीस परवाने असूनही आमच्या क्लबचा काही उपयोग झाला नसता. इतक्या वर्षांत मी नेट चालवले होते, परंतु क्लबला नेट चालवायला शिकवले नव्हते.

त्यानंतर आम्ही पाळी लावली. दर आठवड्याला नेट कंट्रोल वेगळा आणि त्याच्या जोडीला एक राखीव कंट्रोल असतो. मुख्य स्टेशन पाच मिनिटांत बोलले नाही तर राखीव स्टेशन कोणाची परवानगी न विचारता नेट उघडते. सुरुवातीचे आणि शेवटचे निवेदन एका पानावर लिहून सर्वांना दिले, आणि ते असे लिहिले की प्रथमच चालवणाऱ्याने नुसते वाचले तरी चालावे. नोंदवहीचा नमुना एकच ठेवला आणि वेळ नेहमी एकाच पद्धतीने लिहायचे ठरवले. सुरुवातीला कुरबूर झाली. नवख्यांमुळे नेट लांबते, चुका होतात, अशी तक्रार जुन्या मंडळींनी केली आणि ती खोटी नव्हती. तरी मोठ्या आपत्तीत नेट तासन्‌तास, कधी अनेक दिवस चालते, आणि सतत एकाग्र होऊन ऐकणे व लिहिणे कोणालाही दोनेक तासांपलीकडे नीट जमत नाही, हा अनुभव त्यांनाही होता. १९६५ साली ‘बेट्सी’ चक्रीवादळाच्या वेळी सुरू झालेले ‘हरिकेन वॉच नेट’ आजही १४.३२५ मेगाहर्ट्झवर वादळांच्या काळात चालते. असे नेट एका आवाजावर चालवणे शक्यच नाही. पाळी बदलताना नवा कंट्रोल जुन्याची वही हाती घेतल्यासारखा पुढे बोलू लागला पाहिजे, आणि ते आपत्तीच्या दिवशी शिकता येत नाही.

दुसरी सूचना रिपीटरविषयी. रिपीटर उंचावर असतो, म्हणून लहान संचही दूरवर ऐकू जातो. पण त्यामुळे आपण एकमेकांना थेट ऐकतो आहोत असा भास सर्वांनाच होतो. वीज गेली, वीज पडली, वाऱ्याने अँटेना मोडली की हा भास एका क्षणात संपतो. म्हणून महिन्यातून एक नेट रिपीटरशिवाय, थेट एका संचावरून दुसऱ्या संचावर घ्यावे आणि शक्यतो बॅटरीवर घ्यावे. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्याला कोणकोण ऐकू आले ते सांगायचे आणि नेट कंट्रोलने त्याचा तक्ता करायचा. आम्ही हे पहिल्यांदा केले तेव्हा मी निम्म्या सभासदांना ऐकू शकत नव्हते. मात्र ज्या एका स्टेशनकडे आजवर कोणाचे फारसे लक्ष गेले नव्हते, ते जवळजवळ सगळ्यांना ऐकत होते, कारण त्याचे घर दोन भागांच्या मधल्या चढावर होते. आज आमच्या तक्त्यात रिलेसाठी, म्हणजे एकाचा निरोप घेऊन दुसऱ्याला पुढे देण्यासाठी, सर्वांत वर नाव आहे ते त्याचे.

रिले हा काही कमीपणाचा उपाय नव्हे. हौशी रेडिओच्या संघटनेची एक मोठी परंपराच त्यातून उभी राहिली. एप्रिल १९१४ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे हायरम पर्सी मॅक्सिम यांना सुमारे ४० किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्डला संदेश पोहोचवायचा होता. त्यांचे केंद्र एक किलोवॉटचे असूनही तो पोहोचेना. वाटेत विंडसर लॉक्स येथे एक हौशी केंद्र होते. त्याने तो संदेश घेऊन पुढे दिला. याच अनुभवातून त्या वर्षी ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ स्थापन झाली, आणि तिच्या नावात ‘रिले’ हा शब्द आहे तो यामुळे. पुढे १९२५ साली १८ एप्रिल रोजी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाची स्थापना झाली. तो दिवस आता जागतिक हौशी रेडिओ दिन म्हणून पाळला जातो. मला वाटते, प्रत्येक क्लबने त्या दिवशी भाषणे कमी करून रिलेचे एक नेट घ्यावे.

लघुलहरींवर नेट घेणाऱ्या क्लबांना वेळ ठरवताना आणखी एक विचार करावा लागतो. दिवसा आयनांबराचा, म्हणजे उंच वातावरणातील विद्युतभारित पट्ट्याचा, ‘डी’ थर ८० मीटर पट्ट्यातील लहरी मोठ्या प्रमाणात शोषून घेतो आणि सूर्यास्तानंतर तो विरला की त्याच पट्ट्यावर दूरची स्टेशने उघडतात. ४० मीटरवर दिवसा काहीशे किलोमीटरच्या परिसरातले नेट छान चालते, पण रात्र पडली की बहुधा जवळची स्टेशने नाहीशी होतात आणि दूरची गर्दी कानावर येते. त्यामुळे घड्याळातली वेळ तीच ठेवली तरी ऋतू बदलला की नेट बदलते, आणि सूर्याच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राचाही त्यावर परिणाम होतो. एखाद्या महिन्यात हजेरी घटली तर सभासदांचा उत्साह कमी झाला असे म्हणण्याआधी सूर्यास्ताची वेळ पाहावी. पर्यायी फ्रिक्वेन्सी मात्र आधीच जाहीर केलेली असावी, म्हणजे व्यत्यय आला तर मंडळी शोधत बसणार नाहीत.

सिग्नल रिपोर्टबाबत मला जरा कठोरपणे लिहावेसे वाटते. आवाज किती स्पष्ट कळतो ते १ ते ५ आणि किती जोरदार आहे ते १ ते ९ या मापात सांगायचे असते. लघुलहरींवर जोराच्या ९ या आकड्याचा अर्थ ग्राहकाच्या ५० ओहम प्रवेशावर ५० मायक्रोव्होल्ट इतका निश्चित मानलेला आहे आणि त्याखालची प्रत्येक पायरी ६ डेसिबलची आहे. असे असताना नेटवर येणाऱ्या प्रत्येकाला सौजन्य म्हणून ‘पाच-नऊ’ देण्याची पद्धत पडली आहे. एखाद्याच्या अँटेनाच्या जोडणीत पाणी शिरलेले असते, त्याचा आवाज महिनाभर उतरत गेलेला असतो आणि आपण त्याला दर आठवड्याला ‘पाच-नऊ’ देत असतो. साप्ताहिक नेट ही प्रत्येकाच्या संचाची आणि अँटेनाची मोफत तपासणी आहे, आणि ही तपासणी खोटी करणे म्हणजे मित्राचे नुकसान करणे आहे.

निरोप पोहोचवण्याचा सराव हा नेटचा सर्वांत दुर्लक्षित भाग. पंधरावीस शब्दांचा, आकडे आणि एखादे अवघड नाव असलेला निरोप एका स्टेशनने द्यावा, तो दोन रिलेंतून जावा आणि शेवटच्या स्टेशनने तो शब्दशः वाचून दाखवावा. पाठवणाऱ्याने शब्दसंख्या आधी सांगावी आणि घेणाऱ्याने लिहून झाल्यावर मोजून पाहावी. एखादा शब्द गळला असेल तर तो तेथेच सापडतो. बोलण्याचा वेग घेणाऱ्याच्या लेखणीचा असावा. आमच्या पहिल्या प्रयत्नात औषधाच्या मात्रेचा आकडा दुसऱ्या रिलेत बदलला होता. तो सराव होता म्हणून बरे; पण त्या दिवसापासून आकडे सुटे सुटे आणि दोनदा सांगण्याबद्दल आमच्यात कोणी वाद घातलेला नाही.

नेटवरचे सर्व बोलणे कोणालाही ऐकता येते आणि तसेच ते असले पाहिजे. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांच्या २५ व्या अनुच्छेदाप्रमाणे हौशी रेडिओवर अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरता येत नाही आणि बोलणे हौशी सेवेच्या उद्देशाशी संबंधित किंवा व्यक्तिगत स्वरूपाचे असावे लागते. त्याच अनुच्छेदात आपत्तीच्या काळातील संपर्कासाठी हौशी केंद्रांना तयारी करू द्यावी, असे सर्व देशांच्या प्रशासनांना सुचवलेले आहे. धंद्याची जाहिरात किंवा कोणावर चिखलफेक सुरू झाली तर ती तेथल्या तेथे थांबवणे नेट कंट्रोलचे काम आहे. भिडेपोटी ते टाळले की चांगली माणसे हळूहळू यायची बंद होतात, हे मी पाहिले आहे.

हल्ली काही क्लबांत असे म्हटले जाते, की मोबाइलवर सभासदांचा गट आहे, तेथे सर्व सूचना मिळतात, मग नेटची गरज काय. इंटरनेटने जोडलेले रिपीटरही आता आहेत आणि दूरच्या मित्रांशी बोलायला ते मीही वापरते. पण ज्या दिवशी आमची गरज लागते, त्या दिवशी नेमके हे सगळे बंद असते. शिवाय मोबाइलवरचा संदेश वाचून आपली अँटेना चालते की नाही ते कळत नाही, आणि आवाज ऐकल्याशिवाय माणूसही कळत नाही. आमच्या नेटवर एक वृद्ध सभासद अनेक वर्षे नियमाने हजेरी लावत. एके आठवड्यात त्यांचे कॉल साइन पुकारले गेले आणि उत्तर आले नाही. हजेरी अर्धवट सोडून जवळच्या एका सभासदाला त्यांच्या घरी पाठवले, तेव्हा ते पडलेले सापडले आणि वेळेवर उपचार मिळाले. तेव्हापासून सलग दोन आठवडे न आलेल्या प्रत्येकाची चौकशी करायची जबाबदारी आम्ही त्या आठवड्याच्या नेट कंट्रोलवर टाकली आहे. रेडिओच्या कोणत्याही नियमपुस्तकात हे लिहिलेले नाही, पण आमच्या पानावर आता ते लिहिलेले आहे.

संपादक महोदय, आपल्याकडे माझी विनंती अशी आहे, की पुढील आपत्तीच्या बातमीत हौशी रेडिओचालकांचा उल्लेख करताना त्यांचे नेट कोणत्या वारी असते आणि ते पाळीपाळीने कोणकोण चालवते, हेही आपल्या वार्ताहराने विचारावे. ज्या क्लबला या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकाच नावाने द्यावे लागेल, त्याने पुढच्याच आठवड्यात ती वही दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावी. कापऱ्या आवाजात नावे लिहून घेणारी ती मुलगी आज आमच्या नेट कंट्रोलची पाळी ठरवते, आणि माझी पाळी आता सात आठवड्यांनी एकदा येते.

आपली नम्र,
एक परवानाधारक हौशी रेडिओचालक